पिलूच्या बियांना गोडं पाणी

ये गं, माझ्याजवळ बसलीस असं समजून वाच. आणि आधी मला सांग, वैशाखात मी मोबाईलवर फोटो पाठवला तर उत्तरात नुसतं नाक मुरडलेलं पिवळं तोंड पाठवायचं? बारा वर्षं आपण दोघी जावा एका चुलीवर राबलो, आणि आता पुण्याला गेलीस तर थोरल्या जावेला एक चित्र टाकून गप्प बसतेस. माझ्या तळहातावर काय होतं ते तरी विचारायचं होतंस. पाखरांची शी होती. खोटं कशाला सांगू. पण त्या घाणीत मिरीएवढी बारकी गोल बी होती, आणि ती बी तुझ्या रानासाठी होती. फोनवर तू "हां ताई, बरं ताई" करून ठेवून देतेस, म्हणून हे सगळं वहीत लिहून काढलंय. अक्षर वाकडंतिकडं आहे, सावकाश वाच.

गोष्ट तुझ्या पट्टीची आहे. वाटणीत तुमच्याकडं आलेली, ओढ्याच्या बाजूची दीड एकर. गावात तिला आता कुणी रान म्हणत नाही, पांढरी म्हणतात. मीठ फुटून ती पार चोपण झाली आहे, काही म्हणता काही उगवत नाही. टेंभुर्णीच्या रस्त्याला जी नवी पोल्ट्री झाली, तिच्या मालकाला ती जागा घाण टाकायला पाहिजे. दिवाळीत भावजी येणार आणि त्याला होय म्हणणार, असं ते मला तोंडावर सांगून गेलेत. कोंबडखत असतं तर मी काही बोलले नसते, ते लोक मागून नेतात. हा माणूस मेलेल्या कोंबड्या, आतडी, फुटकी अंडी टाकायला बघतोय. एकदा होय झालं की ती जागा कायमची गेली. सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, आणि तुला ह्यातलं काहीच माहीत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

तू ती पट्टी शेवटची पाहिलीस त्याला किती वर्षं झाली? तेव्हा कडेकडेनं पांढरं दिसायचं. आता ये आणि बघ. उन्हाळ्यात तिच्यावर अशी साय धरते की लोणच्याच्या बरणीवर बुरशी यावी तशी. पाय ठेवला की कुरकुरते आणि खालून काळं, साबणासारखं बुळबुळीत काहीतरी बोटांच्या बेचक्यांतून वर येतं. पाऊस पडला की पाणी मुरतच नाही. डबकी साचतात, त्यांचा रंग शिळ्या चहाचा, वर तेलकट तवंग. वास येतो तो कसा सांगू, ओला पोतेरा आठवडाभर बादलीत राहिला तर येईल तसा. मी तिथून आले की चप्पल दाराबाहेर काढते आणि हात चिंचेनं घासते, तरी भाकरी थापताना तो वास नखांत असतोच. आणि उगवत नाही म्हणून लोकांनीच आधी तिथं घाण टाकायला सुरुवात केली. कुणी मेलेलं कुत्रं आणून टाकलं, कुणी लग्नातल्या पत्रावळ्या. पोल्ट्रीवाल्याला जागा सुचली ती त्यातनंच.

गेल्या हिवाळ्यात मी टेंभुर्णीच्या बाजारात दातवणाच्या काड्या विकणाऱ्या भाबीजवळ बसले होते. तू ओळखतेस तिला, तुझ्या लग्नातल्या बांगड्या तिच्याच सासूनं भरल्या होत्या. तिच्या पाटीत पिलूच्या मुळ्या असतात, मुसलमान लोक त्याला मिसवाक म्हणतात. मी सहज म्हणलं, हे झाड कुठं मिळतं गं? तर म्हणाली, "हमारे कब्रस्तान के बाजू में हैं ना चार. नीचे की जमीन देखो तो एकदम सफेद, खारी. घास बी नै उगती. और ये झाड मस्त खडा है, बारा महिने हरा."

मी माझी बाजाराची पाटी तिथंच ठेवली आणि तिला घेऊन बघायला गेले. खरंच गं. आपल्या पट्टीसारखीच मेली जमीन, आणि त्यावर चार गोल झाडं, फांद्या जमिनीला टेकलेल्या, खाली थंडगार सावली. माघात त्याला फळं धरली तेव्हा पुन्हा गेले. गुलाबी, आरपार दिसणारी, मिरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. एक तोंडात टाकलं तर आधी गोड आणि मग मोहरीसारखं नाकात चढलं. ओंजळ ओंजळ करून डबाभर आणली.

आता माझं शहाणपण ऐक. मला वाटलं, हे झाड मिठातलं, तर बी मिठातच घातलेलं बरं. गोड्या पाण्यावर लाडानं वाढवलं आणि मग पांढरीत नेऊन लावलं तर मरेल. नव्या सुनेला पहिल्या दिवसापासून घरच्या तिखटाची सवय लावतात, तसं. म्हणून मी आपल्या बोअरचं पाणी घातलं, ज्यानं डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते. वर पट्टीतली पांढरी माती मुद्दाम कालवली. आणि फळं अख्खीच्या अख्खी पुरली, कारण निसर्गात कोण सोलायला बसतंय.

आठ दिवसांनी परसात वास सुटला. मोहरी नासावी तसा, त्याला गोडसर झाक. पिशव्या उकरल्या तर आत शेंबडासारखा लिबलिबीत गर, आणि त्यात पांढऱ्या बारीक अळ्या वळवळतात. एक माझ्या बांगडीत अडकली. मी हात झटकला तर ती ह्यांच्या धोतरावर. हे ओसरीवर चहा पीत बसले होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आता रानात कोंबड्या आणि घरात किडं. त्या पोल्ट्रीवाल्याला घरातच जागा दे की."

निम्मी फळं मी राखून ठेवली होती, म्हणून हिंमत धरली. ती आपण घेवड्याचं बी ठेवतो तशी उन्हात कडक वाळवली, चुलीची राख चोळली, गाडग्यात भरून वर फडकं बांधलं. चैत्रात काढून लावली. पंधरा दिवस, महिना, काही नाही. एक फोडून बघितलं तर आत काळा भुगा. राखेतही खारच असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईनं शिकवलं, सासूनं शिकवलं, बी राखेत ठेवायचं. मग ठेवलं. ह्या बियाला ते चालत नाही, हे त्यांना तरी कुठं माहीत होतं?

भाबीकडं गेले आणि सगळं सांगितलं. ती काड्या सोलत होती. ऐकलं आणि अशी हसली की शेजारचा लिंबूवाला वळून बघायला लागला.

"क्या बाई तुम बी! बच्चा पैदा होतेच उसके मूं में अचार डालते क्या?"

"अगं पण झाड खाऱ्यातलं ना?"

"झाड खारे में रहता. पैदा खारे में नै होता. बारिश पडती ना, वो मीठा पानी उप्पर का नमक नीचे ढकलता, तब बीज आँख खोलता. मेरे अब्बा बोलते थे. और वो गूदा हटाव पहले, गूदा रहे तो बीज सोताच रहता. पंछी खाते, गूदा उनके पेट में जाता, बीज साफ होके नीचे गिरता. जाव, नीम के नीचे देखो, कित्ते पडे हैं. सुखाने का नै, ताजा ताजा लगाने का."

मी म्हणलं, म्हणजे पाखरांची घाण गोळा करू?

"हौ," ती म्हणाली. "हात को लगते वो फलां तो अब खतम हो गए, उप्पर के पंछी खा रहे. जो है सो उसमेंच है." मग विचारलं, "मगर पट्टी किसकी?"

"धाकट्या जावेची."

"तो तेरेकू कायकू इत्ता?"

मी पाटी उचलली आणि बस गाठली. तिला दिलं नाही ते उत्तर तुला देते, कारण ते तुझंच आहे.

वरच्या अंगाचं रान वाटणीआधीपासून आमच्याकडं होतं, तुला आठवतंय. कॅनॉल आला त्या वर्षी ऊस लावायचा हट्ट माझा होता, ह्यांचा नव्हे. हे म्हणायचे ज्वारी बरी. मी ऐकलं नाही. आणि पाणी द्यायचं ते मी कसं दिलं? पाण्याची पाळी आली की पाटाची दारं मोडून सोडायचं आणि घरी यायचं. सकाळी सोडलेलं दुपारपर्यंत वाहायचं. कुणी म्हणालं, "वैनी, सरी भरली, बंद करा," तर मी म्हणायची, पाणी काय कुणाच्या बापाचं हाय. ते सगळं पाणी जमिनीतनं पाझरत उताराला जायचं, आणि उताराला ओढ्याकडची पट्टी. खालचं मीठ पाण्याबरोबर वर आलं. कडेला पांढरं दिसायला लागलं तेव्हा वाटणीला अजून एक वर्ष होतं. ते मी पाहिलं होतं गं. बसून, बोट लावून, जिभेला लावून पाहिलं होतं. आणि वाटणीच्या दिवशी मामंजींनी विचारलं, ओढ्याकडची कुणी घ्यायची, तर मी दाराआडून ह्यांना खूण केली की धाकट्यांना द्या, पाणी जवळ आहे त्यांना. तुला तेव्हा दिवस गेले होते, आत आडवी होतीस. मला "ताई, तुम्ही आमच्यासाठी पाण्याजवळची सोडलीत" असं म्हणालीस, आणि मी ते म्हणू दिलं.

तुम्ही पुण्याला गेलात त्याला दुसरी कारणं असतील. पण तीन वर्षं हरभरा उगवला नाही, हे पहिलं होतं. पट्टीवरची बुरशी, ती अळी, ते मेलेलं कुत्रं, ह्या सगळ्यांची मला किळस येते, पण ती हात धुतला की जाते. त्या दाराआडच्या खुणेची जात नाही.

असो. वैशाखात मी सूप आणि जुना चमचा घेऊन कब्रस्तानाच्या कडेच्या निंबाखाली बसले. साळुंक्या आणि बुलबुल दिवसभर पिलू खाऊन तिथं येऊन बसतात. खाली पांढऱ्या, हिरव्या, जांभळ्या शिंतोड्यांचा थर. काही वाळलेलं, काही ओलं, काही मी बसले असताना माझ्याच डोक्यावर. वाळलेलं बाजूला टाकायचं, ओलं घ्यायचं, कारण ताजंच पाहिजे. चमच्यानं खरवडायला गेले तर बी चिरडते, मग बोटांनी. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा उलटी आली. तुझा तो फोटो त्याच दिवशीचा. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली आणि विचारलं, "आजी, काय हरवलं?" मी म्हणलं, "नथ." अजून काय सांगणार?

घरी आणून ते धुवायचं होतं, आणि धुवायचं ते गोड्या पाण्यानं. आपल्याकडं नळ चार दिवसांनी येतो, तेवढंच प्यायचं पाणी. मी तांब्याभर घेतलं, मग दुसरा, मग तिसरा. गाळणीत टाकून बोटांनी चोळायचं, बुळबुळ जाईपर्यंत. पाणी हिरवं निघायचं, मग पिवळं, मग जरा निवळ. हे दारात उभे राहून बघत होते.

"प्यायचं पाणी पाखराच्या शीला घालतीस व्हय?"

"व्हय."

"आनि मी काय प्यायचं?"

"बोअरचं प्या की. नव्या सुनेला सवय लागते, तशी तुमालाबी लागंल."

दोन दिवस बोअरचं प्यायले. तिसऱ्या दिवशी घागर घेऊन स्वतः शाळेजवळच्या हातपंपावर गेले, तिथलं जरा गोडं आहे, आणि ती घागर माझ्या पिशव्यांजवळ ठेवून निघून गेले. 

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत मी ओढ्याची गाळमाती आणि शेणखत भरलं आणि एकेक बी पेरभर खोल लावलं. गाळणीचं नाक मुरडायला लावणारं काम झालं होतं, तरी बोटांना आठवडाभर वास. कांदा खाल्ला, लसूण खाल्ला, जेवण जाईना. आणि मनात सारखं, ह्या वेळी पण आत अळ्याच निघाल्या तर? रोज सकाळी पिशव्या हुंगायची. हो, हुंगायची. नासल्याचा वास आधी येतो, कोंब नंतर दिसतो.

नवव्या दिवशी वास नव्हता. अकराव्या दिवशी एका पिशवीतली माती जरा उचललेली दिसली, मुंगीनं उचलावी एवढी. बाराव्या दिवशी दोन जाडसर, मळकट हिरवी पानं. मी पान तोडून चाखलं नाही, पण जीभ टेकवून बघितली. तू म्हणशील, ताई, शी. म्हण. मला बघायचं होतं की मीठ आहे का. नव्हतं. कोवळं, पाणचट. मीठ त्याला पुढं आयुष्यभर खायचंच आहे.

चाळीसएक उगवली. आषाढात दोन मोठे पाऊस झाले, वरचं मीठ जरा खाली दबलं, तेव्हा पट्टीत नेली. वरंब्याच्या माथ्यावर लावायची नाहीत हे आता मला कळत होतं, कारण ऊन पडलं की मीठ माथ्यावरच चढतं. सरीच्या बगलेत खड्डे घेतले, वरची पांढरी साय बाजूला फेकली, आत गाळ भरला. पाय त्या काळ्या बुळबुळीत घोट्यापर्यंत रुतायचे, चप्पल आतच राहायची. एकदा पडले, अख्खी. तोंडात गेलं. तुला चव सांगणार नाही. एकतीस रोपं लावली. श्रावणात सतरा होती.

आणि भाद्रपदात एका सकाळी गेले तर रोपांच्या रांगेवर पोती फोडून ओतलेली. मेलेल्या कोंबड्या. पोटं फुगलेली, पिसं मातीला चिकटलेली, डोळ्यांच्या जागी माश्या. अजून होय कुणी म्हणलं नव्हतं आणि तो पोल्ट्रीवाला टाकून मोकळा झाला होता. कुत्र्यांनी ओढून आतडी रोपांवर पसरली होती. मी पदर नाकाला बांधला आणि पायांना धरून एकेक कोंबडी उचलून खड्ड्यात टाकली. एकीचा पाय हातात राहिला आणि कोंबडी खाली. तिथंच बसले आणि रडले, आणि रडताना तोंड उघडलं तर माशी. मग रडणंही बंद केलं.

पोल्ट्रीवर जाऊन उभी राहिले. मालक खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, "आजी, तितं हाय काय? तुमचं दीर तर म्हनलं, काय उगवत न्हाय."

भावजींना फोन केला. ते रविवारी आले, बुटांसकट पट्टीच्या बांधावर उभे राहिले, रुमाल नाकावर.

"वैनी, किती हायती?"

"आकरा."

"आकरा रोपट्यांसाठी दीड एकर आडवून ठिवू? त्यो मानूस सगळीकडनं कुंपन घालून देतोय."

"तुमच्या बायकोला इचारलंय का?"

ते हसले. "तिला काय कळतंय रानातलं? तिला इथला वास चालत न्हाई." मग माझ्या हातांकडं बघितलं. त्या हातांना तेव्हा अजून कोंबड्यांचा वास होता. जरा नरमले आणि म्हणाले, "तिनं मला सांगितलं, देऊ नका, तर मी देनार न्हाई. पन ती सांगंल असं मला वाटत न्हाई."

बोलणं एवढ्यावर थांबलं आहे. मी त्यांना वाटणीचं सांगितलं नाही. ते आधी तुला कळायला पाहिजे होतं. तुला राग येईल, आणि यायलाच पाहिजे. रागानं तू पट्टी पोल्ट्रीला देऊन टाकलीस तरी मी तुला अडवणार नाही, तुझीच आहे ती. पण मी रोपांचा फोटो पाठवला तरी तो बघून ठरवू नकोस. फोटोत अकरा काटक्या दिसतात. तिथं उभं राहिलं की कळतं की त्यांच्या बुंध्याशी, हाताएवढ्या वर्तुळात, माती पांढरी राहिलेली नाही. पहिल्यांदाच तिथं एक गोगलगाय दिसली, ओली, चिकट, घाणेरडी. मी तिला हलवली नाही.

वास येईल. चप्पल खराब होईल. भाजीत तोच वास आला तर मी वेगळ्या तव्यावर करून देईन. हे तर म्हणतात, तू आलीस की प्यायला हातपंपाचंच पाणी आणून ठेवतील. तू एकटी ये, भावजींच्या आधी ये, दिवाळीची वाट बघू नकोस. येशील ना गं? लवकर ये.